शून्य ते पाच अंश

मॅडमनी लिहून घ्यायला सांगितलं:
अमाइन. वास, माशासारखा.
वर्ग हसला. पहिल्या बाकावर दोघींनी
नाकाला रुमाल लावले,
बाटलीचं बूच अजून निघालंही नव्हतं.
मी 'अमाइन' लिहून पुढे रेघ ओढली
आणि वासाचा रकाना तसाच सोडला.
आमच्या माहुलगावात त्याला कुणी वास म्हणत नाही,
भिंतीला चुना असावा तसा तो असतो.
वास येतो तो रिफायनरीचा, रात्री वारा फिरला की.
त्याची नावं मला दुसऱ्या वर्षाला कळली:
बेंझीन, टोल्यूइन, झायलीन.
लहानपणी आम्ही त्याला नुसतं 'ते आलं' म्हणायचो
आणि खिडकी लावायचो.

दहावीपर्यंत पालिकेची शाळा, म्हणून
मनात अजून मराठीच शब्द येतात:
केंद्रकस्नेही.
कुणी घडवला असेल हा शब्द, कुठे बसून?
नायट्रोजनपाशी दोन इलेक्ट्रॉन जास्तीचे असतात,
ते घेऊन तो उघड्या पडलेल्या कार्बनकडे जातो.
हे मी पाठ करत होते, आणि समोर आय
उद्याच्या बाजाराची उजळणी करत होती.
वाटा लावून झाला की ती वर
दोन बोंबील जास्तीचे ठेवते.
कशाला, विचारलं तर म्हणते,
"गिऱ्हाईक बांधून ऱ्हातं गो."
मी वहीत बंधाची रेघ काढली
आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

आम्ल अधिक अमाइन, मिळून क्षार. क्षाराला तो वास नसतो.
हे फळ्यावर आलं फेब्रुवारीत.
पण ॲडमिशनच्या दिवशी आयने
चिंच चोळून तीनदा हात धुतले होते,
आणि तरीही ऑफिसच्या खिडकीशी
ती पदराखाली हात घेऊन उभी होती.
त्याचं समीकरण मला अजून संतुलित करता आलेलं नाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी फ्रीज बंद पडला.
एकोणीस नंबरच्या नळीत तपकिरी तेल,
त्याची डायझो टेस्ट करायची,
आणि ती लागते शून्य ते पाच अंशांत.
पाचाच्या वर गेलं की नायट्रोजन
बुडबुडे होऊन निघून जातो,
हातात उरतं फिनॉल आणि नापासाची भीती.
हडकर मामा रिकामा ट्रे उलटा धरून उभे.
कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने नाही म्हटलं.
मी बादली उचलली.

चेंबूरच्या बाजारात आय गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती.
"बरफ? तुमच्या शालेन?
मासली ठेवाला काय गो?"
"रंग बनवायला."
तिने पुढे काही विचारलं नाही.
पेटीतला रावस बाजूला सारला,
लादीवर दोन घाव घातले,
बादली भरली, वर दोन खडे जास्तीचे ठेवले.

लॅबमध्ये बादली आली तशी
नाकं वर झाली, रुमाल खिशाकडे गेले,
पण सगळ्यांच्या नळ्या त्याच बर्फात उभ्या राहिल्या,
अगदी पहिल्या बाकाच्यासुद्धा.
थर्मामीटर तीनवर.
नायट्राइट थेंब थेंब, हळू,
"घाई करू नका गं," हडकर मामा सांगत फिरत होते.
मग बीटा नॅफ्थॉल कॉस्टिकमध्ये विरघळवून ओतलं
आणि एकोणीस नंबरच्या नळीत
क्षणात शेंदरी लाल फुललं,
इतकं लाल की मी 'आय' म्हणाले, मोठ्याने.

निरीक्षण: लाल रंग.
निष्कर्ष: प्राथमिक ॲरोमॅटिक अमाइन.
हात ओले होते, पान फुगलं,
आणि मॅडमनी जर्नल तपासायला घेतलं तेव्हा
कोपऱ्यात रावसाचा एक खवला चिकटलेला.
"हे काय?" त्या म्हणाल्या.
"बर्फातलं."
त्यांनी नखाने काढून बघितला, निघेना.
मग खवल्याला वळसा घालून सही केली.